छज्ज्याखाली कोणी बसत नाही

आमचं क्वार्टर तळमजल्याला, जिन्याला अगदी चिकटून, त्यामुळे आख्ख्या ब्लॉकची ये-जा आमच्या भिंतीतून ऐकू यायची. कुणाच्या चपला झिजल्यात, कुणाचा गुडघा धरलाय, वरच्या मुजावरकाकांनी आज सुट्टी टाकलीय की उशीर झालाय, हे आई पोळ्या लाटता लाटता सांगायची आणि ते बहुधा खरं निघायचं. मागच्या अंगाला रिजच्या टेकडीची झाडी होती आणि तिच्यापलीकडे हिंदूराव. दिल्लीत हिंदूराव म्हणजे हॉस्पिटल. पण बाबा येईल त्या पाहुण्याला सांगत, ‘‘अहो, हिंदूराव म्हणजे आपला माणूस, ग्वाल्हेरहून आलेला!’’ ते अशा थाटात सांगत की पाहुण्याला वाटावं, दोघं एका पंगतीला जेवलेत. बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सकाळी आठला वरणाची शिट्टी, सव्वाआठला बाबांचा ‘‘माझा पेन कुठाय?’’, साडेआठला चार्टर्ड बसचा हॉर्न, आणि बस गेली की मागच्या बाजूनं लोखंडी इस्त्रीचा पहिला ठोका. धप्प. मग पाण्याचा हबका, मग पुन्हा धप्प. संध्याकाळी पाचपर्यंत ते चालू असायचं.

इस्त्री बिमलाची. आम्ही मुलं तिला बिमला आंटी म्हणायचो, आई नुसतं बिमला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, जिन्याच्या छज्ज्याखाली तिचं टेबल होतं. छज्जा म्हणजे पहिल्या मजल्याच्या उंचीवर पुढे आलेला सिमेंटचा जाड पत्रा म्हणा. त्याची सावली दिवसभर तिथं असायची, म्हणून बारा वर्षांपूर्वी तिनं ती जागा धरली होती. कोळशाचं पोतं ती आमच्या मागच्या व्हरांड्यात ठेवायची आणि त्याबदल्यात बाबांचे शर्ट फुकट करून द्यायची. कागदावर असं काही नव्हतं. कागदावर असतं तर बाबांनी ते होऊच दिलं नसतं. आई तिला खिडकीतून चहा द्यायची, आलं घातलेला. पुरणपोळीला ती मीठा पराठा म्हणायची आणि आमटीला हात लावायची नाही, ‘‘दाल में गुड़ कौन डालता है, बहनजी?’’ आई यावर रोज हसायची. पण बिमलाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, जाळीच्या बाहेरच्या कट्ट्यावर उपडा घातलेला. घरात समतेवर भाषणं व्हायची, बाबा तर फार सुंदर बोलायचे, आणि कप मात्र बाहेर. मला त्या वयात यात काही वावगं दिसलं नाही, हे लिहून टाकते. लपवाछपवी करायचं आता वय नाही माझं.

मी आता फरीदाबादला नवव्या मजल्यावर राहते. खालचा प्रेसवाला गॅसच्या इस्त्रीवर काम करतो, त्याचा आवाज गेटपर्यंतसुद्धा जात नाही. तरी दुपारी दोनच्या सुमाराला, जेवण होऊन मी जरा पाठ टेकली की मला धप्प ऐकू येतं. हबका ऐकू येतो. ह्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ह्यांनी माझे कान तपासून घेतले. कान उत्तम आहेत म्हणे! मग मी सांगणंच सोडलं. भीती वाटत नाही त्या आवाजाची. भीती वाटते तो थांबतो तेव्हा.

बिमलाची मुलगी कमलेश माझ्याच वयाची, तेव्हा अठरा-एकोणीसची. सातवीपर्यंत आम्ही एका सरकारी शाळेत होतो. पुढे मी कॉलेजात गेले आणि ती दहावी करून घरोघर कपडे पोचवायला लागली. कपाळावर कायम आठी, बोलणं तोलून-मापून. माझं बरोबर उलटं. मला वक्तृत्वाच्या ढाली मिळालेल्या, गणपतीत निवेदन माझ्याकडे, कॉलनीतल्या काकवा म्हणायच्या, ‘‘सुनूचं तोंड म्हणजे आकाशवाणी आहे बाई!’’ हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला फार वेळ लागायचा नाही.

छज्ज्यांचं प्रकरण त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सुरू झालं. तीन नंबरच्या जिन्यावर छज्ज्याची एक ढपली पडली, कुणाला लागलं नाही. मग सगळे माना वर करून बघायला लागले, तर काय, प्रत्येक छज्ज्याला भेग! आतल्या सळ्या गंजून बाहेर आलेल्या. कॉलनीत दुरुस्तीचं एक ऑफिस होतं, त्याला सगळे इन्क्वायरी म्हणायचे. तिथल्या जाड रजिस्टरात तक्रार लिहायची आणि नंबर घेऊन घरी यायचं. गळका नळ आठवड्यात व्हायचा. छज्जा म्हटलं की तिथला बाबू म्हणायचा, ‘‘ये ऊपर से होगा.’’ सगळ्या ब्लॉकनं मिळून वर अर्ज केला पाहिजे, हे उघड होतं. आणि तिथंच आमच्या कॉलनीचं घोडं पेंड खायचं.

‘‘सरकारी नोकरानं गाऱ्हाणं मांडावं ते स्वतःपुरतं,’’ बाबा सांगत. ‘‘चार जणांनी मिळून एका कागदावर सह्या केल्या की ती शिस्तीची बाब होते.’’ पन्नासएक घरं, प्रत्येक घरात एक तरी जन्मभर फायलींवर लिहिणारा माणूस, आणि आपल्याच डोक्यावर पडणाऱ्या छपराबद्दल एकत्र लिहायला एकही तयार नाही. मुजावरकाका चिडून म्हणाले, ‘‘अहो, पानिपत होईल एक दिवस!’’ आमच्याकडे हे वाक्य दचकून ऐकलं जायचं नाही, कारण पानिपत म्हणजे आमच्यासाठी बसस्टॉप होता आणि चादरी. शेवटी त्यांच्याच डोक्यात आलं, की मुलांना कुठं नोकऱ्या आहेत? अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींनी सह्या कराव्यात. मोठ्यांनी मागून सांगावं, मुलांनी पुढून बोलावं.

अशी आमची मंडळी उभी राहिली. अकरा जण. मुजावरकाकांचा रफिक, मी आणि बाकीचे नऊ. गच्चीवर सभा व्हायच्या, आई पोह्यांचा डबा वर पाठवायची, रफिक त्यावर आधी शेव आहे का ते बघायचा. ‘‘यार, सुनंदा, ड्राफ्ट तूच कर,’’ तो म्हणाला. मी केला. काय सांगू त्या दिवसांची नशा! तोवर मी बोलायची ते दुसऱ्यांनी लिहून दिलेलं, गणपतीपुढचं, बक्षिसासाठीचं. आता पहिल्यांदा बोलण्याचा काही उपयोग होता. आम्ही घरोघर गेलो, भेगा मोजल्या, नकाशा काढला. सगळ्यात मोठी भेग आमच्याच छज्ज्याला, बिमलाच्या टेबलाच्या बरोबर वर. बाबांनी लाल पेनानं माझा मसुदा तपासला आणि ‘‘बिल्कुल ठीक’’ असा शेरा मारला. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे सोन्याचं कडं. आम्ही तो अर्ज ‘‘सर्व रहिवाशांच्या वतीनं’’ दिला, आणि चक्क महिन्याभरात उत्तर आलं. मोठे इंजिनियर स्वतः पाहणीला येणार होते.

गेली काही वर्षं मी रविवारी करोलबागेकडे जाते. स्पर्धापरीक्षांसाठी आलेली आपली मुलं तिथं कोंबून राहतात, वाशीमची, परभणीची, जालन्याची. एका खोलीत चौघं, जिन्यात उघड्या वायरी. कुणीतरी त्यांना सांगितलं की फरीदाबादच्या मॅडम अर्ज करायला शिकवतात. गेल्या महिन्यात प्रतीक नावाचा एक मुलगा छान टाइप केलेला कागद घेऊन आला. पहिलीच ओळ, इमारतीतील सर्वांच्या वतीने. मी म्हटलं, ‘‘सर्व म्हणजे कोण कोण?’’ तो म्हणाला, ‘‘म्हणजे आम्ही मुलं, मॅडम.’’ ‘‘आणि तळघरात मेस चालवणारी बाई? तिला विचारलंस?’’ तो म्हणाला, ‘‘तिचं नाव घातलं तर मालक तिला काढेल. तिच्या भल्यासाठीच नाही घातलं.’’ मी कागद बाजूला ठेवला आणि मटकन खाली बसले. पोरगं घाबरलं, पाणी आणायला धावलं. मी त्याला एवढंच सांगितलं की खाली जा, तिला विचार, आणि मग ये. का ते सांगितलं नाही. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

पाहणीच्या आदल्या दिवशी बाबा ऑफिसातून आले ते तसेच बूट न काढता खुर्चीत बसले. ‘‘सुनू, उद्या ते मागच्या बाजूला येतील.’’ म्हटलं, येऊ देत की, तिथंच तर भेग आहे. ‘‘तिथं टेबल आहे. आणि व्हरांड्यात कोळसा.’’ मग त्यांनी आवाज खाली आणून समजावलं. क्वार्टरचा इंचभर भागसुद्धा बाहेरच्याला धंद्यासाठी वापरू देणं म्हणजे अलॉटमेंट रद्द. आम्ही कुठं जायचं ते नंतर, पण पहिली हाकलली जाईल ती बिमला. ‘‘साहेब तिला बघणार, अतिक्रमण म्हणून लिहिणार, आणि दुसऱ्या दिवशी तिचं टेबल ट्रकमध्ये. बारा वर्षं पोट भरतंय तिचं इथं.’’ आई पदराशी चाळा करत उभी होती. ती म्हणाली, ‘‘तिलाच विचारून बघावं का?’’ बाबा म्हणाले, ‘‘तिला काय कळतंय त्यातलं!’’ आणि मी, आकाशवाणी, म्हणाले, ‘‘बाबा, तुम्ही नका काळजी करू. मी करते बरोबर.’’

ही युक्ती माझी होती. बाबांनी फक्त भीती सांगितली. तोडगा मी काढला. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तो तोडगा कधी बाबांच्या नावावर टाकला, कधी मुजावरकाकांच्या. नाही, माझाच. सकाळी लवकर बिमलाला एका दिवसाची सुट्टी द्यायची, टेबल रफिककडच्या सायकलींमागे ठेवायचं, पोतं आमच्या मोरीत, आणि राख झाडून पाणी मारायचं. साहेब आले की नुसती मोकळी फरशी दिसली पाहिजे. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. अर्जही मंजूर, बिमलाही सुरक्षित, बाबाही. सकाळी ती आली तेव्हा मी बाहेरच उभी होते. तिला सांगितलं की आज मोठे साहेब येतायत, आज बसू नका, तुमच्याच भल्याचं आहे. ती गेली. मग रफिक आणि मी तासभर फरशी घासली. बारा वर्षांची काजळी, ती काय निघते! एक चौकोन राहिलाच, त्यावर मी आईच्या तुळशीची कुंडी आणून ठेवली.

इंजिनियरसाहेब अकराला आले. बरोबर एक ज्युनियर, हातात फाइल. माणूस सज्जन होता, हे सांगायला हवं. अशा गोष्टीत एखादा दुष्ट असता तर बरं झालं असतं. त्यांनी आम्हा अकरा जणांशी नीट हात मिळवले, माझा नकाशा बघून म्हणाले, ‘‘बेटा, ये तो हमारे लड़कों से अच्छा बनाया है.’’ आम्ही एकेक जिना दाखवत आलो. प्रत्येक ठिकाणी ते वर बघत, मग खाली बघत आणि एकच प्रश्न विचारत. शेवटी आमच्या छज्ज्याखाली आले. बराच वेळ वर बघत राहिले. मग खाली बघितलं, तुळशीकडे. ‘‘इसके नीचे कोई बैठता है?’’

रफिकनं माझ्याकडे बघितलं. खिडकीच्या जाळीमागे आई होती, तिची बांगडी वाजली. मी म्हणाले, ‘‘जी नहीं, यहाँ कोई नहीं बैठता.’’

आवाज अगदी खणखणीत लागला होता. ज्युनियरनं लिहून घेतलं. साहेब त्याला म्हणाले, ‘‘तो ये अगले साल के काम में डालो. पहले वो करो जिनके नीचे लोग हैं.’’ तेव्हा मला कळलं की प्रत्येक ठिकाणी ते तोच प्रश्न का विचारत होते. पैसे थोडे, छज्जे फार. ज्याच्याखाली माणसं, तो आधी. आणि सगळ्यात मोठ्या भेगेखालचं माणूस मी पुसून टाकलं होतं. मग आईनं खिडकीतून चहा दिला, चांगल्या कपबशीत. साहेब फुंकर घालत घालत प्यायले, हवेबद्दल बोलले, रिजवरच्या माकडांबद्दल बोलले. एवढा सगळा वेळ माझ्याकडे होता. नुसतं म्हणायचं होतं, सर, चुकलं, बसतात. मी मूग गिळून उभी राहिले आणि वर हसत होते. माकडांच्या विनोदाला हसले मी.

नंतर मी स्वतःला समजावलं. अगले साल म्हणजे काय, सरकारी वर्ष एप्रिलपासून, चार महिने. इतकी वर्षं टिकलाय, चार महिने नाही टिकणार? बिमला दुसऱ्या दिवशी आली, टेबल मांडलं, कुंडी उचलून जाळीशी ठेवली आणि काही विचारलं नाही. कॉलनीत आमची वाहवा झाली. तीन नंबर, पाच नंबरला परांच्या लागल्या, काम सुरू झालं. मुजावरकाकांनी अकरा जणांना जिलेबी आणली. मी जिलेबी खाल्ली आणि मागच्या दारानं बाहेर येऊन वर बघितलं. त्यानंतर मी रोज वर बघायची. कॉलेजला जाताना, येताना, दात घासताना. भेग वाढलीय की तेवढीच आहे, कळायचं नाही. एकदा आईनं मला तसं बघताना बघितलं. तीही वर बघून आत गेली.

होळी होऊन गेली होती. दुपारची वेळ, आई आणि मी जेवायला बसलो होतो, वांग्याची भाजी होती. धप्प, हबका, धप्प चालू होतं. मग ते थांबलं. बाहेर बिमला कुणाशी तरी काही बोलतेय असं वाटलं, निदान मला तसं आठवतं. आणि मग जो आवाज झाला तो मी लिहिणार नाही. ताटं उडाली, खिडकीतून पांढरा धुरळा आत आला आणि भाजीवर बसला. आई ओरडली ते बिमलाचं नाव होतं. रफिक वरून धावत आला, आम्ही दोघांनी आणि रस्त्यावरच्या लोकांनी सिमेंट हातांनी बाजूला केलं. कुणीतरी टेम्पो आणला. हिंदूराव पाच मिनिटांवर, पण ती पाच मिनिटंसुद्धा तिला मिळाली नाहीत. कमलेश सहा नंबरला कपडे द्यायला गेली होती. ती परत आली तेव्हा मी तिथं उभी होते आणि माझे केस पांढरे झालेले होते धुरळ्यानं. तिनं मला आधी ओळखलंच नाही.

पुढं चौकशी झाली. कागदावर असं आलं की त्या जागी कुणी बसत असल्याची माहिती नव्हती, तसं कॉलनीच्या तरुण प्रतिनिधीनं स्वतः सांगितलं होतं. सदर महिला तिथून जात असावी. जात असावी! बारा वर्षं एका जागी उभी राहिलेली बाई कागदावर वाटसरू झाली. बाबांचे शर्ट आई घरीच करायला लागली, विजेच्या इस्त्रीवर, आणि बाबा चुरगळलेल्या कॉलरनं ऑफिसला जायचे. एका दुपारी आई हातातलं निवडणं टाकून म्हणाली, ‘‘सुनू, तुला काही ऐकू येतंय का गं?’’ मी नाही म्हणाले. तेही खोटंच.

तेरावं झाल्यावर कमलेश दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही. ‘‘परसों इंजिनियर के दफ़्तर जा रही हूँ. तुम चलोगी? बस इतना बोलना है कि माँ वहाँ बैठती थी.’’ मागे बाबा होते, त्यांनी ऐकलं. मी गेले, तर माझं खोटं उघडं पडणार होतं, आणि खोटं का बोललीस म्हटल्यावर कोळशाचं पोतं, व्हरांडा, बाबांची नोकरीसुद्धा. न गेले, तर बिमला कायमची वाटसरू. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा बुटांची नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘जायचं तर जा. फक्त मला विचारून जाऊ नकोस.’’ आयुष्यभर परवानगीचे शेरे लिहिलेला माणूस! त्याला याहून मोठं काही देता येण्यासारखं नव्हतं. नंतर त्यांना मेमो आला, त्याचं उत्तर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, एकही गोष्ट न लपवता. क्वार्टर बदलावं लागलं, प्रमोशन लांबलं. त्याबद्दल ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. मला ते बोलले असते तर चाललं असतं.

ऑफिसात तेच साहेब होते. मला बघून उभे राहिले. मी तोंडपाठ करून गेले होते, पण घशातून फक्त एक वाक्य निघालं, ‘‘सर, मैंने झूठ बोला था.’’ त्यांनी चष्मा काढला. ‘‘क्यों, बेटा?’’ मी सांगायला लागले, की बिमला आंटींना हटवतील असं वाटलं, त्यांच्या भल्यासाठीच, आमचा हेतू… आणि रडायला लागले. ढाली मिळवणारी मी, हुंदक्यांशिवाय काही येईना. कमलेशनं माझ्याकडे बघितलं नाही. ती टेबलाशी गेली आणि बोलायला लागली. शाळेतही मी तिला सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं आईचं पूर्ण नाव सांगितलं. किती वर्षं, किती वाजता यायची, कुणाकुणाचे कपडे. मग म्हणाली की बाकीच्या जिन्यांखालीही माणसं बसतात, चारच्या खाली मोची, सातच्या खाली एक म्हातारी भाजी निवडून विकते, नऊच्या खाली दुसरा प्रेसवाला. ‘‘आपके काग़ज़ में ये कोई नहीं है.’’ साहेब म्हणाले, नावं दिलीस तर त्यांना उठवावं लागेल कदाचित. ती म्हणाली, ‘‘सबसे पूछ के आई हूँ. जो मना कर रहे थे, उनका नाम नहीं लिया. इन तीनों ने कहा, उठा दो, पर मारो मत.’’

साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. आठवड्यात त्या सगळ्या छज्ज्यांना बल्ल्यांचे टेकू लागले, महिन्यात ते उतरवले. मोचीला उठवलं, बाकी दोघं राहिली. बिमलाचं नाव कागदावर आलं, ‘‘उक्त स्थान पर कार्यरत’’ असं. आम्ही अकरा जणांनी तीन महिन्यांत जे केलं नव्हतं, ते त्या मुलीनं दोन दिवस चार दारांशी उभं राहून केलं होतं. आजही पोरं मला विचारतात की हे सगळं तुम्ही कुठं शिकलात. मी म्हणते, एका ऑफिसात, रडता रडता.

बाहेर पडून आम्ही बसस्टॉपवर उभ्या राहिलो. ऊन लागायला लागलं होतं. पानिपतची बस ओरडत निघून गेली. मला वाटलं, आता बोलावं. म्हणाले, ‘‘कमलेश, मला माफ कर.’’ मराठीतच निघालं तोंडातून. तिला तेवढं समजत होतं. तिनं उन्हासाठी ओढणी डोक्यावर घेतली.

मग म्हणाली, ‘‘माँ को पता था दरार का. रोज़ कपड़ों से चूना झाड़ती थी. जिस दिन साहब आने वाले थे न, उस दिन सुबह उसने अपनी साड़ी प्रेस की. अपने कपड़े हम कभी प्रेस नहीं करते, सुनंदा. मैंने पूछा, कहाँ जा रही है? बोली, आज साहब को मैं ख़ुद बताऊँगी.’’

तिची बस आली आणि ती चढली. मी तिथंच राहिले. मला ती सकाळ आठवत होती, आणि हे मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही. बिमला आली होती ती निळ्या साडीत, एक चुणी नाही, केस तेल लावून बसवलेले. तिनं तोंड उघडलं होतं, ‘‘बेटी, साहब से—’’ आणि मी तिला पुरं बोलू दिलं नव्हतं. मी हसून म्हणाले होते, ‘‘अरे वा आंटी, आज तो बड़ी सजी हो! छुट्टी है, कहीं घूम आओ.’’

मग टेबलाचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मला धरायला सांगितलं, आणि आम्ही दोघींनी मिळून ते तिथून हलवलं.